ड्रायव्हरची ट्रान्समिट रांग: प्राधान्य लावलंय, तरी पॅकेट उशिरा का?

तेलकट_पाना · सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. भोसरीत यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. नव्या बोर्डावरच्या इथरनेट कंट्रोलरचा ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडलाय. चिपसोबत एक जुनाट ड्रायव्हर आला होता, तो ओढूनताणून लिनक्सच्या ५.१० कर्नलवर आणला. चालतो. तक्रार वेगळी आहे.

बोर्डावरून दोन प्रकारची वाहतूक जाते. एक, मोटर कंट्रोलरला दर १० मिलिसेकंदांनी एक चिमुकलं यूडीपी पॅकेट (पाठवलं की सोडून द्यायचं, पोचपावती नाही). दोन, तपासणी कॅमेऱ्याचा फोटो, दर अर्ध्या सेकंदाला एक, साधारण २ एमबी, तोही यूडीपीवर. लिंक १०० एमबीपीएसची. फोटो सुटला की कंट्रोलचं पॅकेट ३१ मिलिसेकंदांपर्यंत लटकतं. म्हणजे तीन पॅकेटं एका दमात पोचतात आणि मोटर आचका देते.

कंट्रोलच्या सॉकेटला एसओ प्रायॉरिटी, म्हणजे त्याच्या पॅकेटांचं प्राधान्य, ६ लावली आहे. क्यूडिस्क, म्हणजे ड्रायव्हरच्या वरची कर्नलची रांग, पीफिफो फास्ट आहे; तिच्यात प्राधान्याचे तीन बँड, ६ म्हणजे बँड ०, सगळ्यात वरचा. आकडेवारीत तपासलं, लागू झालंय. तरी उशीर.

शेवटी ड्रायव्हरमध्येच माझी एक लिंक्ड लिस्ट केली, कंट्रोलची पॅकेटं पुढे घ्यायला. जागा नसेल तर स्टार्ट एक्समिट फंक्शनमधून (कर्नल पॅकेट इथे देतो) बिझी परत करतो. आता उशीर आहे तो आहेच, वर एक सीपीयू कोर शंभर टक्के भरलेला. काय चुकतंय?

पावटा · सोमवार, रात्री १०.३०

ड्रायव्हरमधलं मला ओ की ठो कळत नाही, कोल्हापुरात केबल इंटरनेटवाल्याकडे सर्व्हर सांभाळतो. पण खुर्ची टाकून बसलोय.

रिकामा_वाडगा · सोमवार, रात्री ११.०५

पाना, तीन प्रश्न. ट्रान्समिट रिंगमध्ये, म्हणजे चिप जिथून पॅकेटं उचलते त्या गोल रांगेत, डिस्क्रिप्टर (नोंदीचे खण) किती? ड्रायव्हर कर्नलला किती रांगा दाखवतो? बाइट क्यू लिमिट्स, म्हणजे बीक्यूएल (रिंगमध्ये एका वेळी किती बाइट ठेवायचे त्याची मर्यादा), आहे का?

आणि ती लिंक्ड लिस्ट आज रात्रीच काढून टाक.

तेलकट_पाना · सोमवार, रात्री ११.१८

२५६ डिस्क्रिप्टर. चिपमध्ये चार रांगा आहेत, पण ड्रायव्हर एकच वापरतो. बीक्यूएल नाही, नाव ऐकून आहे फक्त.

रिकामा_वाडगा · सोमवार, रात्री ११.५२

मग गणित तूच करून आणलंयस, फक्त मांडलं नाहीस. पूर्ण भरलेली फ्रेम तारेवर १५३८ बाइटांची जागा खाते: १५०० चा माल, १४ चं हेडर, ४ चा सीआरसी (चूक तपासायचा आकडा), ८ ची प्रस्तावना, १२ चं मोकळं अंतर. १०० एमबीपीएसवर याला १२३ मायक्रोसेकंद लागतात. गुणिले २५६. साडेएकतीस मिलिसेकंद. तुझे ३१ कुठून आले ते दिसलं?

पीफिफो फास्ट त्याचं काम चोख करतोय. त्याच्याकडे जेव्हा दोन पॅकेटं असतात तेव्हा तो कंट्रोलचंच आधी देतो. पण फोटो सुटला त्या क्षणी रिंग रिकामी होती, म्हणून त्याने फोटोची २५६ पॅकेटं भराभर रिंगमध्ये ओतली. रिंग ही साधी फिफो आहे, आधी आलेला आधी जाणार. आत गेलेलं पॅकेट कुणाचं हे चिपला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. नंतर आलेलं कंट्रोल पॅकेट बँड ० मधून पहिल्या नंबराने निघतं आणि रिंगेत २५६ च्या मागे जाऊन उभं राहतं.

फोटो टीसीपीवर, म्हणजे पोचपावती घेत पाठवणाऱ्या पद्धतीवर, असता तर कदाचित हे इतकं दिसलंही नसतं. टीसीपीला ३.६ कर्नलपासून स्मॉल क्यूजचा लगाम आहे, एक सॉकेट खालच्या रांगांत किती माल साठवेल यावर मर्यादा. यूडीपीला असलं काही नाही, सेंड बफर संपेपर्यंत तो ओतत राहतो. तू बफर वाढवून ठेवला असशीलच.

तेलकट_पाना · मंगळवार, सकाळी ८.४०

४ एमबी. आधीच्या माणसाने. 🙂

पावटा · मंगळवार, सकाळी ९.०२

हां, म्हणजे अँब्युलन्सला घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळे वाट देतात, पण एकदा खंबाटकी घाटात शिरली की पुढच्या ट्रकच्या वेगानेच चढायचं. मग घाटात एका वेळी चारच गाड्या सोडा की.

रिकामा_वाडगा · मंगळवार, सकाळी ९.२५

ओ की ठो कळत नाही म्हणणाऱ्याने बीक्यूएल सांगून टाकलं.

आधी बिझीचं बोलू, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. क्यू थांबवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे आणि ती आगाऊ पार पाडायची असते. आत्ताचं पॅकेट रिंगमध्ये ठेवलं, की लगेच बघायचं: पुढचं मोठ्यात मोठं पॅकेट आलं तर मावेल का? एका पॅकेटचे १७ पर्यंत तुकडे असू शकतात, अधिक त्याचं डोकं, म्हणजे १८ डिस्क्रिप्टर. तेवढी जागा नसेल तर तिथल्या तिथे क्यू स्टॉप. मग कर्नल तुझ्याकडे येतच नाही. बिझी परत केलंस तर कर्नल ते पॅकेट परत रांगेत ठेवतो आणि पुन्हा तुझं दार वाजवतो, पुन्हा, पुन्हा. तुझा कोर त्यातच जळतोय. कर्नलच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की नेहमीच्या परिस्थितीत बिझी परत करायचं नाही.

आता यातली मेख. कोर अ ला दिसलं की जागा नाही. तो क्यू थांबवणार, तेवढ्यात कोर ब वर ट्रान्समिट पूर्ण झाल्याचं काम चालू आहे. त्याने सगळी रिंग साफ केली, बघितलं की क्यू थांबलेली आहे का, तर नाही, म्हणून कुणाला उठवलं नाही आणि गेला. मग अ ने क्यू थांबवली. आता रिंग रिकामी, क्यू बंद, आणि उठवणारा कुणीच नाही. पाच सेकंदांनी वॉचडॉग भुंकतो: ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट. उपाय: स्टॉप केल्यावर मेमरी बॅरियर (एका कोरने लिहिलेलं दुसऱ्याला क्रमाने दिसावं म्हणून) टाक, जागा परत मोज, असेल तर स्वतःच क्यू उठव. बॅरियर दोन्हीकडे लागतो, साफ करणाऱ्याकडेही. एक्स८६ च्या यंत्रावर नशिबाने महिनोन्‌महिने निभतं, आर्मवर आठवड्यात गाठतं.

६.४ पासून यासाठी तयार मॅक्रो आहेत, नेटिफ टीएक्सक्यू मेबी स्टॉप वगैरे. तू ५.१० वर, तेव्हा हातानेच लिही. मॅक्रो उघडून वाच मात्र.

ओसरीवरचा · मंगळवार, दुपारी १.१५

एवढी खटपट कशाला? रिंग २५६ ची ८ कर. एक ओळ बदलायची.

रिकामा_वाडगा · मंगळवार, दुपारी २.०३

अण्णा, आठात अठरा तुकड्यांचं पॅकेट बसवून दाखवा.

आणि समजा तुकडे नसतात, तरी डिस्क्रिप्टर मोजणं चुकीचंच आहे. आठ डिस्क्रिप्टरांत आठ एआरपी (पत्ता विचारणारी चिमुकली पॅकेटं) असतील तर ते साठ मायक्रोसेकंदही पुरत नाहीत, तार रिकामी पडते. तारेवरचा वेळ बाइटांवर ठरतो. म्हणून बीक्यूएल बाइट मोजतं. गूगलच्या टॉम हर्बर्टने ते लिहिलं, २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये आलं. ड्रायव्हरने दोनच गोष्टी सांगायच्या: इतके बाइट चिपला दिले, इतके बाइट निघून गेले. कर्नल त्यावरून शिकतो की तार सतत चालू ठेवायला कमीत कमी किती माल खाली असावा लागतो, आणि त्यापलीकडे क्यू थांबवतो. बाकीचा माल वर क्यूडिस्कमध्ये थांबतो, जिथे कुणीतरी निवड करू शकतं.

फक्त एक बघ पाना, ट्रान्समिट पूर्ण झाल्याचा इंटरप्ट (चिपची हाक) तू किती उशिरा घेतोस? मिलिसेकंदभर थांबवून एकत्र घेत असशील तर बीक्यूएललाही तेवढा माल खाली ठेवावा लागेल.

तेलकट_पाना · बुधवार, रात्री ९.४७

लिंक्ड लिस्ट काढली, स्टॉप-वेक नीट केलं, बीक्यूएल घातलं. केबल लावली, पहिला एआरपी गेला आणि कर्नल आडवा. पॅनिकमध्ये डीक्यूएल कम्प्लीटेड असं नाव दिसतंय. "बाइट दिले" ही हाक मी फंक्शनच्या अगदी वर घातली आहे, कारण कुठेतरी वाचलं की डोअरबेल वाजवण्याआधी, म्हणजे चिपला माल तयार आहे असं सांगण्याआधी, मोजणी झालीच पाहिजे, नाहीतर पॅकेट मोजण्याआधीच निघून जाईल.

परदेशी_चिमणी · बुधवार, रात्री ११.१०

मध्येच तोंड घालते, श्टुटगार्टला वाहनांच्या नेटवर्कवर काम करते, हे पॅनिक ओळखीचं आहे.

एआरपी ४२ बाइटांचं असतं. इथरनेटला सीआरसी सोडून किमान ६० लागतात. तुझा ड्रायव्हर खाली कुठेतरी पॅकेट शून्यांनी भरून ६० करतो ना? तू वर ४२ दिले म्हणून सांगितलंस, आणि साफ करताना त्याच पॅकेटची लांबी वाचून ६० गेले म्हणून सांगितलंस. दिल्यापेक्षा जास्त गेले कसे, म्हणून कर्नल तिथेच बसकण मारतो. त्यासाठी तिथे मुद्दाम बग ऑन आहे.

तुझं नशीब चांगलं की पहिल्याच पॅकेटला पडलं. आधी मोठी वाहतूक चालू असती तर तारेवरच्या बाइटांत हा १८ चा फरक लपला असता, आणि वाहतूक थांबल्यावर, सगळं शांत असताना पडलं असतं. मग शोधत बस.

उलटी चूकही होते. वर मोजलंस आणि खाली डीएमए मॅपिंग (चिपला पॅकेटाची मेमरी वाचू देणं) फसलं म्हणून पॅकेट फेकून दिलंस, तर ते बाइट कधीच "गेले" होत नाहीत. दर वेळी थोडी थोडी जागा अडते आणि एक दिवस क्यू कायमची बंद.

योग्य जागा: पॅडिंग झालं, मॅपिंग झालं, डिस्क्रिप्टर भरले, आता मोज, मग डोअरबेल. रिंग रीसेट करशील तेव्हा बीक्यूएलचा हिशेबही रीसेट कर, हे सगळे विसरतात.

तेलकट_पाना · गुरुवार, सायं. ७.२०

ताई, शंभर टक्के तेच होतं. हाक खाली नेली, उभं राहिलं!

सिसएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाइलींत दिसते तिथे) रांगेच्या फोल्डरखाली बाइट क्यू लिमिट्स आहे, तिथे लिमिट ४५४२ वर स्थिरावलंय. म्हणजे १५१४ च्या तीन फ्रेम. कंट्रोलचा सगळ्यात वाईट उशीर ३१ वरून ०.६ मिलिसेकंदांवर आला. प्राधान्याच्या बाजूला मी एका अक्षरालाही हात लावलेला नाही. मोटर लोण्यासारखी चालतेय.

पण आता फोटो फाटके येताहेत. खालचा भाग गायब. आधी असं कधीच होत नव्हतं.

पावटा · गुरुवार, सायं. ७.३१

डोकं धरलं तर पाय उघडे.

रिकामा_वाडगा · गुरुवार, रात्री १०.१५

फोटो २ एमबी, पॅकेटात १४७२ बाइट, म्हणजे १३५९ पॅकेटं. टीएक्स क्यू लेन, म्हणजे क्यूडिस्कच्या रांगेची लांबी, किती आहे? बदललं नसशील तर १०००. पीफिफो फास्टच्या एका बँडमध्ये तेवढीच मावतात. आधी रिंगमधली २५६ धरून १२५६ ची सोय होती, आणि ओतत असताना शंभरेक तारेवरून निघून जात असतील. कसंबसं बसत होतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता रिंगमध्ये तीन-चार. उरलेली अडीचशेच्या आसपास क्यूडिस्क फेकतोय. टीसी कमांडच्या आकडेवारीत ड्रॉप्ड बघ.

तुझ्या प्रोग्रॅमला हे कळलं नाही कारण यूडीपी सॉकेटला रिसीव्ह एरर हा पर्याय लावल्याशिवाय इथला ड्रॉप सेंड कॉलमधून परत सांगितला जात नाही.

टीएक्स क्यू लेन २००० कर.

ओसरीवरचा · गुरुवार, रात्री १०.४०

आता गंमत बघा. परवा मी रांग लहान करा म्हटलं तर टिंगल. आता वाडगेबुवाच रांग दुप्पट करायला सांगताहेत.

रिकामा_वाडगा · गुरुवार, रात्री ११.०२

रास्त टोला. पण रांग कुठली ते बघा. क्यूडिस्कमध्ये फोटोची दोन हजार पॅकेटं उभी असली तरी कंट्रोलचं पॅकेट त्यांच्या मागे उभं राहत नाही, ते बँड ० मधून जातं. तिथली लांबी फक्त फोटोलाच भोवते, आणि फोटोला १६७ मिलिसेकंद लागणारच आहेत, कुठेही उभा केला तरी. रिंगमधली लांबी मात्र सगळ्यांना सारखीच भोवते.

ओसरीवरचा · गुरुवार, रात्री ११.२०

पटलं. तरी विचारतो, ही बँडची भानगड हवीच कशाला? एफक्यू कोडेल हा क्यूडिस्क लावा. दर प्रवाहाला वेगळी रांग, क्वचित बोलणारा प्रवाह आपोआप पुढे येतो. प्राधान्य लावायचं म्हटलं की उद्या प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःला व्हीआयपी म्हणवतो. गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ साली गेले, सॉकेटवरचे अजून आहेत. ० ते ६ पर्यंतची प्रायॉरिटी कुणीही लावून घेऊ शकतो, त्याच्या वर जायचं तरच ॲडमिनचा परवाना लागतो.

परदेशी_चिमणी · शुक्रवार, रात्री १२.४५

अण्णा, घरच्या राउटरवर मी तुमच्याच बाजूने मत देईन. तिथे कोण महत्त्वाचं हे आधी ठाऊक नसतं आणि एफक्यू कोडेल ते छान ओळखतं. वायफायवर तर जास्तच, कारण तिथे चार प्राधान्यं असूनही जवळजवळ सगळी वाहतूक बेस्ट एफर्टच्याच पोत्यात पडते.

इथे मात्र दोन अडचणी. कोडेल पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबणं १०० मिलिसेकंदभर टिकलं की फेकायला लागतं. पानाचा फोटो १६७ मिलिसेकंद चालतो. टीसीपी असता तर ड्रॉप बघून त्याने वेग आवरला असता, हा यूडीपी आहे, त्याचा फोटो परत फाटेल. दुसरं, यंत्रात कोण महत्त्वाचं हे ओळखावं लागत नाही, डिझाइन करतानाच माहीत असतं. मग ते सरळ सांगावं.

तेलकट_पाना · शनिवार, सकाळी ११.३०

टीएक्स क्यू लेन २००० केलं, फोटो अखंड. 🙏

आता साहेबांना हाव सुटली आहे. ०.६ चांगलं, पण ०.२ च्या आत येईल का, म्हणाले. चिपमध्ये चार रांगा आहेत म्हणून कर्नलला चारही दाखवल्या. विचित्रच झालं. एकदा बूट केलं तर उशीर कमी, परत बूट केलं तर जास्त.

परदेशी_चिमणी · शनिवार, दुपारी ३.१०

चार रांगा दाखवल्यास की मुळाशी एमक्यू (अनेक रांगांचा क्यूडिस्क) येतो, आणि प्रत्येक हार्डवेअर रांगेला स्वतःचा पीफिफो फास्ट. बँड ० आता त्या त्या रांगेपुरताच बँड ०. पॅकेट कुठल्या रांगेत जायचं हे हॅशवर (प्रवाहाच्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) ठरतं आणि हॅशचं बीज दर बूटला बदलतं. कंट्रोल आणि फोटो कधी एकाच रांगेत, कधी वेगळ्या. तुझी लॉटरी तीच.

२००८ मध्ये २.६.२७ ला डेव्हिड मिलरने बहुरांगी व्यवस्था नव्याने बांधली ती मुख्यतः वेगासाठी, म्हणजे अनेक कोरांनी एका कुलपासाठी भांडू नये म्हणून. प्राधान्य हा वेगळा विषय, तो आपण सांगावा लागतो. त्यासाठी एमक्यूप्रायो हा क्यूडिस्क. सॉकेटची प्रायॉरिटी ६ हिला वेगळा वर्ग दे, त्या वर्गाला एक हार्डवेअर रांग दे, बाकी सगळ्यांना उरलेल्या. ड्रायव्हरमध्ये स्वतःचं सिलेक्ट क्यू फंक्शन लिहू नकोस, वर्गांवरून रांग निवडण्याचं काम कर्नल करतो.

मग दोन गोष्टी मॅन्युअलमध्ये शोध. रांगांमध्ये निवड कडक प्राधान्याने की पाळीपाळीने? बऱ्याच चिपांत बूटला पाळीपाळीची असते, रजिस्टर लिहावं लागतं. आणि मोठा रांग क्रमांक म्हणजे मोठा मान की उलटं? चिपागणिक बदलतं.

०.१२३ च्या खाली मात्र जाता येणार नाही. तारेवर निघालेली फ्रेम मध्येच तोडायची तर दोन्ही टोकांना फ्रेम प्रीएम्प्शन असलेलं हार्डवेअर लागतं, ते तुझ्याकडे नसणार.

पावटा · शनिवार, दुपारी ३.२५

आणि हे पॅकेट बोर्डाबाहेर पडलं की पुढच्या स्विचला कसं कळणार कोण अँब्युलन्स?

परदेशी_चिमणी · शनिवार, दुपारी ३.४८

नाही कळत! एसओ प्रायॉरिटी ही त्या कर्नलपुरतीच, ती तारेवर जात नाही. स्विचला सांगायचं तर व्हीलॅनच्या टॅगमध्ये (फ्रेमला जोडलेल्या जास्तीच्या चिठ्ठीत) तीन बिट आहेत, आठ पातळ्या. व्हीलॅन इंटरफेस करताना एग्रेस मॅप द्यायचा: आतली ६ ती बाहेरची अमुक. न दिल्यास सगळं ० म्हणून जातं. स्विचवर त्या बिटांवर विश्वास ठेव असं सांगणं वेगळं.

तेलकट_पाना · मंगळवार, रात्री ८.०५

मॅन्युअलचं पान २११ की काय, तळटीपेत: रांग ३ सर्वोच्च. मी अर्थातच कंट्रोलला रांग ० दिली होती. कडक प्राधान्याचं रजिस्टर लिहिल्यावर तर कंट्रोल अख्खा फोटो संपेपर्यंत, १६७ मिलिसेकंद, उपाशी. साहेब शेजारीच उभे होते.

उलटं केलं. दोन तास चालवलं, सगळ्यात वाईट १४८ मायक्रोसेकंद. स्विच मधे नाही, बोर्ड थेट मोटर कंट्रोलरला आणि फोटो त्याच्याच दुसऱ्या पोर्टातून पुढे, त्यामुळे व्हीलॅन सध्या राहू दे.

स्टॉप-वेक, बीक्यूएल, चार रांगा असा एक पॅच करून चिपवाल्यांना पाठवतोय.

रिकामा_वाडगा · मंगळवार, रात्री ९.३०

एक नाही, तीन कर. स्टॉप-वेकचा पहिला, तो दुरुस्ती आहे आणि जुन्या कर्नलांनाही लागेल. बीक्यूएलचा दुसरा, त्यात पॅडिंग का आधी ते दोन ओळींत लिही. चार रांगा शेवटी. आणि कडक प्राधान्याचं रजिस्टर ड्रायव्हर सुरू होताना बिनशर्त लिहू नकोस. एमक्यूप्रायो न लावता कुणी चार रांगा वापरल्या तर हॅशने रांग ० मध्ये पडलेला प्रवाह तुझ्या फोटोसारख्याच कुणाच्या तरी मागे उपाशी मरेल.

तेलकट_पाना · मंगळवार, रात्री ९.४१

बिनशर्तच लिहिलंय. बदलतो.